आयएसडीएन लाइन पहिल्यांदा हाताळताना: डीपीतल्या पेअरपासून राउटरच्या कॉलपर्यंत

तालुक्याच्या गावातली एक शाखा. पावसात लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली, कायम चालू असणारी डेटा लाइन) गेली होती, आणि अशा वेळी तिची जागा घेण्यासाठी ठेवलेली आयएसडीएनची (फोन एक्स्चेंजमार्फत डिजिटल कॉल लावणारी जुनी सेवा) बॅकअप लाइनही उठत नव्हती. मी राउटरला लॅपटॉप जोडला आणि दोन तास कॉन्फिगरेशन ओळ न् ओळ तपासलं. त्यात काहीच चुकलेलं नव्हतं. शेवटी लाइनमनला सोबत घेऊन बाहेरच्या डीपीपर्यंत (जिथून ग्राहकांकडे तारा फुटतात तो डबा) गेलो, तेव्हा कळलं की आमची पेअर (तारांची जोडी) आदल्याच दिवशी काढून शेजारच्या दुकानाच्या फोनला दिली होती. ज्याने ती काढली त्याने आधी टेस्टिंगचा हँडसेट लावून पाहिला होता. टोन आला नाही, म्हणजे पेअर रिकामी, असा त्याचा हिशेब. साध्या फोनसाठी तो हिशेब बरोबरही आहे. पण आयएसडीएनच्या पेअरवर डायल टोन नसतोच. हँडसेट लावला तर फार तर बारीक खरखर ऐकू येते.

त्या दिवसापासून मी खालून वर जातो. आधी पेअर, मग एनटी-वन (आपल्याकडच्या टोकाला असलेला लाइनचा डबा), मग आतली केबल, मग राउटरचे तीन थर (पहिला तारेचा, दुसरा एक्स्चेंजशी जुळण्याचा, तिसरा कॉलचा), आणि सगळ्यात शेवटी यूजरनेम-पासवर्ड. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरच्या पायरीला हात लावत नाही. दुसरी गोष्ट अनुभवाने कळली ती अशी: आयएसडीएन बिघाडाचं कारण स्वतः सांगते. कॉल लागला नाही तर का लागला नाही, याचा आकडा एक्स्चेंज डी-चॅनेलवरून (लाइनमधली सूचनांची वेगळी वाट) पाठवतं. तो वाचायला शिकलात तर राउटर बंद-चालू करून नशीब अजमावायची वेळ येणार नाही.

आज नवी आयएसडीएन घ्या, असं मी कुणालाच सांगणार नाही. जपानमध्ये एनटीटीने आयएसडीएनवरची डेटा सेवा जानेवारी २०२४ पासून बंद करायला घेतली. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नवी जोडणी मिळत नाही आणि जुन्या जोडण्यांसाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरली आहे. पण जुन्या शाखांमधल्या बॅकअप लाइन, व्हिडिओ कॉन्फरन्सचे जुने संच, स्टुडिओतले ऑडिओ कोडेक अशा ठिकाणी एखाद्या नव्या मुलाला अचानक पाठवलं जातं आणि समोर कधी न पाहिलेला डबा दिसतो. हे लिखाण त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी. राउटरवरच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या. उदाहरणं सिस्कोच्या राउटरची आहेत.

१. आधी एवढं डोक्यात बसवा

साध्या ऑफिसात येते ती बीआरआय लाइन. एकाच तांब्याच्या पेअरवर तीन वाटा: ६४ केबीपीएसचे दोन बी-चॅनेल आणि १६ केबीपीएसचा एक डी-चॅनेल. बोलणं किंवा डेटा बी-चॅनेलवर जातो. कुणाला फोन लावायचा, कुणाचा आला, का तुटला, ही सगळी बोलणी डी-चॅनेलवर होतात. मोठ्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातलं स्वतःचं फोन एक्स्चेंज) येते ती पीआरआय: २.०४८ एमबीपीएस, ३० बी-चॅनेल आणि ६४ केबीपीएसचा डी-चॅनेल. इथे मी बीआरआयपुरतंच लिहितो.

एक्स्चेंजकडून येणाऱ्या दोन तारांच्या बाजूला यू म्हणतात. एनटी-वन नावाचा डबा त्या दोन तारांचं चार तारांत रूपांतर करतो. त्या बाजूला एस/टी म्हणतात. आपल्याकडे एनटी-वन फोन कंपनीच बसवते. त्यामुळे आपल्या राउटरला एस/टी पोर्ट हवा. अमेरिकेत एनटी-वन ग्राहकाचा असतो, म्हणून तिथल्या बऱ्याच राउटरमध्ये तो आतच असतो आणि मागे यू पोर्ट असतो. जुन्या बाजारातून कार्ड घेताना नावाच्या शेवटी यू आहे की एस/टी, हे पाहूनच पैसे द्या. दोन्हींचं सॉकेट सारखंच दिसतं, केबल सहज बसते, आणि लाइन मात्र कधीच उठत नाही.

२. निघण्याआधी हाताशी काय हवं

कागद:
- आयएसडीएनचा मुख्य नंबर, आणि एमएसएन (त्याच लाइनवरचे जादा नंबर) घेतले असतील तर तेही सगळे
- ग्राहक क्रमांक आणि शेवटचं बिल (थकबाकीमुळे लाइन बंद आहे का, हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं)
- पिलर (रस्त्याकडेची केबलची पेटी), डीपी आणि पेअरचे नंबर. एमडीएफवरची (एक्स्चेंजमधली तारा जोडायची मुख्य चौकट) जागा माहीत असेल तर उत्तम
- समोरच्या टोकाचा नंबर, तिथल्या राउटरचं नाव आणि तिथे असलेल्या माणसाचा मोबाइल
- राउटरच्या चालू कॉन्फिगरेशनची प्रत

सामान:
- कन्सोल केबल, आणि लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर
- मल्टिमीटर
- खात्रीच्या दोन सरळ आरजे-४५ केबल
- १०० ओमचे दोन रोध
- मिळाला तर एक साधा आयएसडीएन फोन

शेवटची वस्तू चैनीची वाटेल, पण तिने माझे कितीतरी तास वाचवले आहेत. राउटर काढून तो फोन एनटी-वनला लावायचा; साध्या हँडसेटला न येणारा टोन यावर येतो. टोन आला आणि कॉल गेला, तर फोन कंपनीची बाजू धड आहे. पुढचा शोध आपल्या बाजूला घ्यायचा. टोन नाही आला तर राउटरला हात न लावता तक्रार नोंदवायची.

३. पेअर

साध्या फोनवर थोडी खरखर चालून जाते. आयएसडीएनला ती चालत नाही, कारण इथे पेअरवर फोनच्या आवाजापेक्षा कितीतरी वरच्या फ्रीक्वेन्सी धावतात. म्हणून ‘याच पेअरवर काल फोन चालत होता’ हा पुरावा धरू नका.

बघायच्या गोष्टी चार.

पेअर डीपीपासून थेट एनटी-वनपर्यंत यायला हवी. मध्ये कुठे जुना पॅरलल फोन, त्याची तुटकी वायर किंवा बंद खोलीतलं जुनं सॉकेट लोंबत राहिलं असेल तर ते काढा. टोकाला काही जोडलेलं नसलं तरी तो फाटा सिग्नल परतवतो.

भिंतीत ब्रॉडबँडचा स्प्लिटर राहिला आहे का पाहा. पूर्वी त्याच पेअरवर एडीएसएल असेल तर हमखास राहतो. त्याचं फोनचं तोंड फक्त आवाजाच्या फ्रीक्वेन्सी सोडतं आणि आयएसडीएनचा सिग्नल तिथेच मरतो.

पावसाळ्यात डीपीचं झाकण उघडून हिरवट पडलेले स्क्रू शोधा. असा एक स्क्रू घासून परत आवळला की बरेचदा दिवसातून दहा वेळा तुटणारी लाइन शांत होते.

आणि लांबी. अर्धा मिलिमीटर जाडीच्या चांगल्या तांब्यावर ही लाइन साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत जाते. शंका असेल तर एक्स्चेंजवाल्यांना एमडीएफवर पेअर मोकळी करून तिथे शॉर्ट करायला सांगा आणि आपल्या टोकाला ओम मोजा. त्या जाडीच्या पेअरला दर किलोमीटरला साधारण १७० ते १७५ ओम येतात. ९०० ओम आले तर पेअर पाच किलोमीटरच्या वर आहे, किंवा मध्ये खराब जोड आहे. लाइन चालू असताना उघड्या तारांना बोट लावू नका. एक्स्चेंजकडून येणारा दाब साध्या फोनच्या ४८ व्होल्टपेक्षा जास्त असू शकतो.

४. एनटी-वन

दिव्यांची नावं प्रत्येक मॉडेलवर वेगळी असतात, पण अर्थ बहुधा असा: एक दिवा विजेचा, एक यू बाजूचा, एक एस/टी बाजूचा. यू बाजूचा दिवा लुकलुकत असेल तर एनटी-वन एक्स्चेंजशी ताळ जुळवायचा प्रयत्न करतो आहे. पाच मिनिटांनंतरही तो लुकलुकतच असेल तर पेअरकडे परत जा. पूर्ण विझलेला असेल तर आधी पेअर योग्य सॉकेटात आहे ना, ते पाहा. एनटी-वनला दोन प्रकारची तोंडं असतात आणि सफाईवाल्यांच्या हातून केबल निघाली की कुणीतरी ती दिसेल त्या तोंडात खुपसतं.

एनटी-वनला यूपीएसवर घ्या. राउटर यूपीएसवर आणि एनटी-वन भिंतीतल्या साध्या प्लगवर, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता आत शिरल्यावर आधी तेच बघतो. वीज गेली की मुख्य लाइनचा मोडेम बंद पडतो, बॅकअपची गरज नेमकी तेव्हाच लागते, आणि एनटी-वनही अंधारात असतो.

५. एनटी-वन ते राउटर: चार तारा

या बाजूला आरजे-४५ चे ३, ४, ५ आणि ६ हे चारच पिन कामाचे. राउटर ३-६ वर पाठवतो आणि ४-५ वर घेतो. केबल सरळ हवी, म्हणजे लॅनची साधी पॅच कॉर्ड चालते. चुकून लॅनची क्रॉस केबल लागली तर मोठी फसगत होते: क्रॉस केबल ३-६ ला १-२ वर नेते, पण ४-५ जागच्या जागी राहतात. म्हणजे एनटी-वनचं राउटरला ऐकू जातं, राउटरचं एनटी-वनला जात नाही. पहिला थर उठू-उठू करतो आणि उठत नाही. म्हणून केबलचे दोन्ही प्लग शेजारी-शेजारी धरून रंग जुळवून पाहा.

दुसरा घोटाळा सॉकेटचा. राउटरवर लॅनचं, कन्सोलचं आणि बीआरआयचं सॉकेट एकाच आकाराचं असतं. बीआरआयच्या केबलला दोन्ही टोकांना नारिंगी टेप गुंडाळा आणि त्यावर नंबर लिहा.

एकाच एस/टी वायरिंगवर आठपर्यंत यंत्रं लावता येतात, पण मग टोकांना १०० ओमचे रोध लागतात, आणि ते फक्त दोन टोकांनाच. एनटी-वनच्या बाजूचा रोध बहुतेक वेळा त्याच्या आतच असतो, छोट्या स्विचने चालू-बंद होणारा. दुसरा शेवटच्या सॉकेटात. दोन्ही रोध सॉकेटांमध्येच बसवलेले असतील तर एनटी-वन आणि सगळी यंत्रं काढून ३-६ मध्ये ओम मोजा: ५० आले तर बरोबर, १०० म्हणजे एक रोध गायब, ३३ म्हणजे कुणीतरी तिसरा घातला आहे. अशा वायरिंगची लांबी शंभर-दोनशे मीटरच्या आत ठेवा. एनटी-वनला एकटा राउटर लावलेला असेल तर किलोमीटरभरही चालतं.

६. टर्मिनल अडॅप्टर असेल तर

टर्मिनल अडॅप्टर म्हणजे टीए. एका बाजूला एस/टी, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट, आणि बऱ्याच मॉडेलांत साध्या फोनसाठी दोन तोंडं. कॉम्प्युटरला तो मोडेमसारखाच दिसतो. टर्मिनल प्रोग्राममध्ये एटी टाइप केलं की ओके यायला हवं. ते येत नसेल तर आयएसडीएनचा विचारही करू नका. पोर्ट, केबल आणि स्पीड बघा.

स्पीडबद्दल एक हिशेब समजून घ्या, कारण यावरून ग्राहकाशी वाद होतात. सिरियल पोर्ट जास्तीत जास्त १,१५,२०० वर चालतो. एका बाइटमागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. एका बी-चॅनेलमधून सेकंदाला ८,००० बाइट येतात; ते आरामात मावतात. दोन्ही चॅनेल एकत्र केले तर १६,००० बाइट येतात आणि ते या पोर्टातून जाऊच शकत नाहीत. ग्राहक दोन कॉलचे पैसे भरतो आणि वेग मिळतो दीडपटीच्या आतबाहेर. दोन्ही चॅनेल खरंच हवे असतील तर टीएऐवजी राउटर लावा, किंवा कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड. पोर्ट चुकून ९६०० वर राहिलेला असेल तर एक चॅनेलही उपाशी मरतो, म्हणून ते पहिल्यांदा पाहा.

टीएचा दुसरा सापळा प्रोटोकॉलचा. व्ही.११०, व्ही.१२० आणि सिंक्रोनस पीपीपी (दोन टोकांमध्ये डेटाचा दुवा जुळवायची पद्धत) या तीन भाषा तो बोलू शकतो, आणि दोन्ही टोकांना एकच हवी. समोर सिंक्रोनस पीपीपीचा राउटर असेल आणि टीए व्ही.१२० वर असेल तर कॉल लागतो, मीटर पळतं, आणि एक अक्षरही पलीकडे जात नाही. समोर राउटर असेल तर टीएला असिंक्रोनसचं सिंक्रोनस पीपीपी करणाऱ्या मोडवर ठेवा. त्याची आज्ञा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. पुस्तिका उघडावीच लागते.

टीएला लावलेला फोन वीज गेली की मुका होतो. घरी किंवा दवाखान्यात बसवत असाल तर तिथल्या माणसांना हे तोंडावर सांगा आणि तातडीच्या फोनसाठी वेगळी सोय आहे ना, ते विचारा.

७. राउटर: स्विच टाइप आणि त्याबरोबर येणारी चूक

स्विच टाइप म्हणजे समोरचं एक्स्चेंज कुठल्या प्रकारचं आहे ते राउटरला सांगणारी ओळ. भारतात आणि युरोपात तो ‘बेसिक नेट थ्री’. ही एक ओळ चुकली तर बाकी काहीच चालत नाही. शोधल्यावर सापडणारी कॉन्फिगरेशनची उदाहरणं मोठ्या संख्येने अमेरिकेतली असतात. त्यांत स्विच टाइप वेगळा असतो आणि एसपीआयडी नावाचे दोन लांब आकडे टाकलेले असतात. एसपीआयडी ही उत्तर अमेरिकेतली गोष्ट आहे. आपल्याकडे फोन कंपनीला एसपीआयडी मागत बसू नका, आणि उतरवलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या ओळी असतील तर काढून टाका. स्विच टाइप बदलल्यावर इंटरफेस शटडाउन करून परत चालू करा. तेवढ्यानेही जागं झालं नाही तर राउटर रीलोड करा.

८. तीन थर वाचा

आता ‘शो आयएसडीएन स्टेटस’.

पहिला थर ‘ॲक्टिव्ह’ दिसला तर तार, एनटी-वन आणि केबल ठीक. ‘डीॲक्टिव्हेटेड’ दिसला तर लगेच तक्रार करू नका. नेट थ्रीच्या बऱ्याच एक्स्चेंजांत कॉल नसताना एक्स्चेंज स्वतःच पहिला थर झोपवतं. अशा वेळी एक कॉल लावून बघा. थर जागा झाला तर सगळं नीट आहे. झोपलेल्या धडधाकट लाइनसाठी तक्रार गेली की लाइनमन येतो, बदल करतो, आणि चालू लाइन खरंच बिघडते.

दुसऱ्या थरात ‘मल्टिपल फ्रेम एस्टॅब्लिश्ड’ हे शब्द शोधा. सोबत टीईआयचा (लाइनवरच्या यंत्राचा ओळख क्रमांक) आकडा असतो. एक्स्चेंजने आपोआप दिलेला असेल तर तो ६४ ते १२६ मधला. नुसतं ‘टीईआय असाइन्ड’ दिसत असेल तर बोलणं अर्धंच झालं आहे. ‘डीबग आयएसडीएन क्यू-९२१’ लावा; दुसऱ्या थराची बोलणी त्यात दिसतात. आपण आयडी मागतो आहोत आणि उत्तरच येत नाही, असं दिसलं तर स्विच टाइप तपासा, मग एक्स्चेंजला विचारा. वीज वारंवार गेल्यावर एक्स्चेंजच्या डोक्यात जुना टीईआय अडकून राहतो. ‘क्लिअर इंटरफेस बीआरआय झिरो’ने बरेचदा सुटतो.

तिसऱ्या थरात चालू कॉल दिसतात. कॉल नसेल तर तिथे काही नसणं हेच बरोबर. बीआरआय इंटरफेस ‘अप’ आणि त्यापुढे ‘स्पूफिंग’ दिसला तर घाबरू नका. रूटिंग टेबलात जागा राखण्यासाठी राउटर तसं दाखवतो.

९. कॉल लावा आणि कारण वाचा

‘डीबग आयएसडीएन क्यू-९३१’ लावा; कॉलची बोलणी त्यात दिसतात. टेलनेटवरून आत असाल तर आधी ‘टर्मिनल मॉनिटर’, नाहीतर पडद्यावर काही येणार नाही. मग ‘आयएसडीएन टेस्ट कॉल’ने समोरचा नंबर फिरवा. टीएक्स म्हणजे आपण पाठवलं, आरएक्स म्हणजे आलं. नीट लागलेला कॉल असा वाचता येतो: आपण सेटअप पाठवला, कॉल प्रोसीडिंग आलं, कनेक्ट आलं, आपण कनेक्टची पोच दिली. कुठे अडलं ते ओळीच सांगतात.

कॉल तुटला की ‘कॉज’ या शब्दापुढे चार अंकी आकडा येतो, सोळाच्या पायातला (हेक्साडेसिमल, म्हणजे ० ते ९ नंतर ए ते एफ). त्याचे दोन-दोनचे गट करा. पहिला गट सांगतो कोण बोलतंय: ८० म्हणजे टोकाचं यंत्र, ८२ म्हणजे आपलं जवळचं एक्स्चेंज, ८४ म्हणजे समोरचं एक्स्चेंज. नुसत्या या गटावरूनच कुठल्या गावाला फोन करायचा ते ठरतं. दुसरा गट सांगतो का:

- ८१: असा नंबरच नाही. एसटीडी कोड, पुढचा शून्य किंवा बदललेला नंबर तपासा.
- ९०: कॉल नेहमीप्रमाणे संपला. आयएसडीएनचा दोष नाही, पीपीपीकडे वळा.
- ९१: समोर व्यग्र. तिथले दोन्ही चॅनेल अडकलेले आहेत का विचारा.
- ९२: समोरून कुणी उत्तरच देत नाही. तिथला राउटर किंवा एनटी-वन बहुधा बंद आहे.
- ९५: समोरच्याने नाकारलं. बहुधा तिथे ठरावीक नंबरांनाच प्रवेश आहे.
- ए२: चॅनेल मोकळा नाही. थोड्या वेळाने परत बघा. रोज त्याच वेळी येत असेल तर तक्रार करा.
- बी९, सी१, डी८: तुम्ही मागितलेल्या प्रकारच्या कॉलला परवानगी, सोय किंवा जुळणारं यंत्र नाही.

शेवटची ओळ नव्या माणसाला सगळ्यात जास्त चकवते. सेटअपमध्ये बेअरर कॅपॅबिलिटी नावाची नोंद असते. ८८९० म्हणजे ६४ केबीपीएसचा शुद्ध डेटा. ८०९०ए३ म्हणजे बोलण्याचा कॉल. आयएसडीएन फोनवरून त्याच नंबरला बोलणं होतं, पण राउटरचा डेटा कॉल परत येतो, अशी स्थिती असेल तर लाइनवर डेटाची सोयच चालू केलेली नाही, किंवा मधल्या ट्रंकवर ती जात नाही. हे लाइनमनच्या हातचं काम नाही. एक्स्चेंजमधल्या जेटीओंशी (ज्युनियर टेलिकॉम ऑफिसर) बोला आणि त्यांना कॉजचा आकडा सांगा. ‘आमचं इंटरनेट चालत नाही’ म्हटलं तर संध्याकाळपर्यंत काही हलत नाही. ‘डेटा बेअररचा कॉल तुमच्या एक्स्चेंजकडून ८२बी९ देऊन परत येतोय, बोलण्याचा जातोय’ म्हटलं की त्यांना नेमकं कुठे बघायचं ते लगेच कळतं.

समोरच्या राउटरवर नंबर पाहून प्रवेश देण्याची अट असेल तर तिथेही क्यू-९३१ चा डीबग लावा आणि आलेला नंबर जसाच्या तसा उतरवून घ्या. कधी तो एसटीडी कोडसकट येतो, कधी कोडशिवाय. अटीत लिहिलेला नंबर आणि आलेला नंबर यांत एका शून्याचा फरक असला तरी दार उघडत नाही.

१०. कॉल लागला, पण डेटा नाही

आता पीपीपी. ‘डीबग पीपीपी ऑथेंटिकेशन’. चॅप (पासवर्ड तपासायची एक पद्धत) वापरत असाल तर प्रत्येक राउटरवर समोरच्या राउटरचं होस्टनेम यूजरनेम म्हणून लागतं आणि पासवर्ड दोन्हीकडे अगदी एक. लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. पासवर्डच्या शेवटी चुकून दिलेली स्पेससुद्धा पासवर्डचाच भाग होते, आणि ती कॉन्फिगरेशन वाचताना दिसत नाही. कॉपी-पेस्ट केलेली ओळ संशयास्पद वाटली तर पुसून हाताने टाका. होस्टनेम कुणी मध्येच बदललं का, तेही विचारा. नव्या नावासकट नवा राउटर बसवला आणि समोरच्या टोकाला कळवलं नाही, हे नेहमीचं.

११. बिल

तांत्रिकदृष्ट्या सगळं नीट झालं की खरा धोका सुरू होतो. दोन चॅनेल म्हणजे दोन कॉल, दोघांचं मीटर वेगळं. राउटर मात्र एखादं फालतू पॅकेट आलं तरी कॉल लावतो.

डायलर लिस्टमध्ये (कुठल्या पॅकेटसाठी कॉल लावायचा याची यादी) ‘सगळं आयपी चालेल’ अशी एक ओळ टाकून निघून जाणं ही सर्रास होणारी चूक. विंडोजची मशीन १३७ ते १३९ या पोर्टांवर सारखी एकमेकांना हाका मारत असतात. रूटिंग प्रोटोकॉल ठरावीक वेळाने अपडेट पाठवतो. वेळ जुळवणारं सर्व्हर रात्रीही बोलतं. रिकामं बसल्यावर कॉल तोडायची मुदत सिस्कोवर मुळात १२० सेकंदांची असते. त्याच्या आत एक पॅकेट आलं की ती परत पहिल्यापासून मोजली जाते. मग लाइन रात्रभर, शनिवारी-रविवारीही चालू राहते आणि महिन्याच्या शेवटी शाखेचे व्यवस्थापक बिल हातात घेऊन उभे राहतात.

म्हणून कामाच्या ॲप्लिकेशनचे पोर्टच लिस्टमध्ये ठेवा आणि बीआरआयवर रूटिंग प्रोटोकॉल न चालवता स्टॅटिक रूट लिहा. बॅकअपसाठी त्या रूटचं अंतर मुख्य रूटपेक्षा मोठं ठेवा, समजा २००, म्हणजे मुख्य रूट गेल्यावरच तो वर येईल. बसवल्यानंतर एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी ‘शो डायलर’ बघा. त्यात ‘डायल रीझन’ अशी ओळ असते: कुठल्या आयपीवरून कुठल्या आयपीकडे जाणाऱ्या पॅकेटने कॉल लावला, ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं. जे मशीन दिसेल त्याच्याकडे जाऊन त्याचा बंदोबस्त करा.

आणि महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मुख्य लाइनची केबल काढून बॅकअप उठते का ते पाहा. ऑफिसच्या वेळेत नको. बंद व्हायच्या आधीचा अर्धा तास बरा.

१२. जाण्याआधी

रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवा. त्यावर आयएसडीएनचा नंबर, डीपी आणि पेअर, समोरचा नंबर, चालू असताना एनटी-वनचे कुठले दिवे कसे दिसतात, आणि आज लागलेल्या कॉलची तारीख. दिव्यांचा फोटो काढून शाखेतल्या एकाच्या मोबाइलवर ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी फोनवरच ‘फोटोत आहे तसंच दिसतंय का?’ असं विचारता येतं.

मग बाहेर डीपीपर्यंत जा. लाइनमनच्या परवानगीने आपल्या पेअरला लाल टॅग बांधा. त्या तालुक्याच्या शाखेत आम्ही बांधला होता, पाणी लागू नये म्हणून वर पारदर्शक टेप लावून. त्यावर परमनंट मार्करने लिहिलं होतं: ‘डेटा लाइन. टोन येत नाही. काढू नये.’